वैजूचा प्रसंग

देवासच्या त्या सभागृहात पाऊल टाकलं आणि आधी वास आला, सतरंज्यांचा. वर्षातून दोन-तीनदा उलगडायच्या आणि एरवी जिन्याखाली गुंडाळून ठेवायच्या सतरंज्यांना धूळ, कापूर आणि सांडलेला चहा यांचा मिळून एक वास असतो. वीसेक वर्षांत खुर्च्या आल्या होत्या, पंखे बदलले होते, व्यासपीठामागच्या भिंतीला गुलाबी रंग लागला होता. खिडकीतून टेकडी दिसत होती आणि तिच्या पायऱ्यांवरून लाल ओढण्यांची रांग सावकाश वर सरकत होती.

मराठी मंडळाने मला मुलांशी बोलायला बोलावलं होतं. स्वतःच्या अनुभवावर निबंध कसा लिहावा, हा विषय. मी आता हेच करते. वर्तमानपत्रात सदर लिहिते, गावोगावी कार्यशाळा घेते, माणसांना त्यांच्या आठवणी कागदावर उतरवायला शिकवते. समोर तीस-पस्तीस मुलं होती. घरात मराठी ऐकलेली, वाचताना मात्र जोडाक्षरापाशी अडखळणारी. मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, आपल्यासोबत काही झालंच नसेल तर? मतलब, मम्मी-पप्पा ठीक आहेत, घर ठीक आहे. मला तर काही धडा मिळालाच नाही."

मुलं हसली. मीही हसले आणि नेहमीचं उत्तर द्यायला लागले. लहान गोष्टीकडे बघ, रोजच्या दिवसाकडे बघ, असं काहीतरी. बोलता बोलता नजर पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला गेली. तिथे माझ्या शाळेच्या दिवसांत सतरंजीच होती, आणि तिच्यावर गुरुजी बसले होते. मांडीवर उपरणं घडी करून, मान किंचित कलती ठेवून, माझा प्रत्येक शब्द नीट ऐकू यावा म्हणून.

मुलीला दिलेलं उत्तर मी कसं संपवलं ते मला आठवत नाही.

आम्ही तेव्हा धारला राहायचो. वैजू आमच्या आठवीच्या वर्गात आली ती वर्षाच्या मधोमध, म्हणून तिला बाक मिळाला तो माझ्याशेजारचा. तिच्या दप्तराला धुपाचा वास यायचा. वह्यांच्या कडांवर तुपाचे पारदर्शक डाग असायचे, त्यातून पलीकडच्या पानावरची अक्षरं दिसायची. तिचं गाव निसरपूरच्या बाजूला, नर्मदेच्या अगदी काठावर होतं. धरणाची भिंत उंच होत गेली तसं पाणी गावाच्या घाटावर आलं, मग चिंचेखालच्या पारावर आलं. गाव उठलं. बहुतेक लोक सरकारने दिलेल्या वसाहतीत गेले. वैजू आणि तिचे वडील, गुरुजी, धारला आले, कारण तिथल्या मराठी मंडळाने आपल्या आवारात देवळाला जागा दिली होती. वैजूची आई ती पाच वर्षांची असतानाच गेली होती. घर म्हणजे ती दोघं, आणि देव.

देव म्हणजे दत्त. काळ्या दगडाचा, हातभर उंच, तीन मुखांचा. गुरुजींच्या घराण्याकडे त्याची पूजा पिढ्यान्‌पिढ्या होती. गुरुजींनी तो रजईत गुंडाळून, ट्रॉलीत मांडीवर धरून आणला, असं सगळे सांगायचे. मंडळाच्या आवारात आधी पत्र्याची शेड होती. मग लोकांनी विटा आणल्या, कुणी सिमेंट आणलं, आम्ही पोरींनी घमेली उचलली आणि बघता बघता देऊळ उभं राहिलं. गुरुवारी आरतीला अंगणात उभं राहायला जागा नसे. थंडीत आरतीनंतर कुणाच्या तरी घरून तळलेल्या गराडूच्या कंदाची परात यायची. तिखट-मीठ लावलेले ते गरम काप फुंकत आम्ही देवळाच्या ओट्यावर बसायचो. आत समईच्या उजेडात दत्ताचा काळा चेहरा तेलाने चमकत असायचा.

दर गुरुवारी वसाहतीतून गेंदाबाई यायची. गावात असताना ती देवाला फुलं पुरवायची. म्हातारी झाली होती, गुडघ्यांनी बेजार होती, पण दोन बसा बदलून झेंडूची पिशवी घेऊन यायची. दत्ताचे पाय दोन्ही हातांनी धरायची आणि निमाडीत त्याच्याशी बोलत राहायची. कोण कुठल्या वसाहतीत गेलं, कुणाची विहीर आटली, कुणाच्या सुनेला काय झालं. गावातली सगळी बातमी ती देवाला द्यायची. एकदा माझ्या आईने विचारलं, एवढ्या लांब कशाला येता, तिकडे देऊळ नाही का? गेंदाबाई दत्ताकडे बोट दाखवून म्हणाली, "यो म्हारो गाँव छे."

गुरुजी उंच आणि बारीक होते. कुणालाही, लहान मुलालासुद्धा, अहो-जाहो करायचे. आवाज मात्र त्या अंगात मावणार नाही असा. मी वक्तृत्वाला नाव दिलं तेव्हा त्यांनी आपणहून मला संध्याकाळी देवळात बोलावलं. 'श' आणि 'ष' मधला फरक जिभेच्या टोकाने नाही तर टाळूने कळतो, हे त्यांनी शिकवलं. ओट्यावर मला उभं करायचे आणि स्वतः फाटकाशी जाऊन थांबायचे, तिथपर्यंत ऐकू येतंय का बघायला. म्हणायचे, "स्वल्पविरामाला घाबरायचं नाही. तिथं थांबा, श्वास घ्या. लोक तुमच्यासाठी थांबतात." माझ्या आवाजात आजही जे काही बरं आहे ते त्या ओट्यावरचं आहे.

पुढच्या वर्षी, आम्ही नववीत असताना, भाद्रपदात संझा आली. माळव्यात पितृपक्षाचे पंधरा दिवस मुली भिंतीवर शेणाने संझा काढतात. रोज नवी आकृती, कधी चंद्र-सूर्य, कधी पंखा, कधी बैलगाडी, आणि वर गुलबक्षीच्या, कण्हेरीच्या पाकळ्या टोचायच्या. आमच्या मागच्या अंगणाच्या भिंतीवर मी आणि वैजूने मिळून संझा काढली. शेणात पाकळी दाबताना बोटांना येणारा तो ओला, गवती, गोडसर वास मला कुठेही ओळखता येईल. अमावास्येला शेवटचा मोठा किल्लाकोट काढायचा आणि मग सगळं खरवडून टोपलीत भरून तळ्यात सोडायचं.

आम्ही दोघी टोपली घेऊन तळ्यावर गेलो. उन्हं उतरली होती. मी टोपली पालथी केली. शेणाचे तुकडे बुडाले, पाकळ्या तरंगत राहिल्या. वैजू त्यांच्याकडे बघत होती. मग तिने मला सांगितलं.

गाव सोडायच्या दिवशी बाकीचे पुरुष ट्रॉल्या भरत होते आणि गुरुजी एकटेच पहार घेऊन देव चौथऱ्यावरून सोडवत होते. वैजूला त्यांनी मूर्ती दोन्ही हातांनी धरून ठेवायला सांगितलं. बाहेर कुणीतरी पाणी आलं, पाणी आलं असं ओरडलं. वैजूने दाराकडे बघितलं. तेवढ्यात चौथऱ्याची पकड सुटली आणि देव तिच्या हातातून गेला. मधल्या मुखाची मान तडकली, एक हात निखळून पडला. भंगलेल्या मूर्तीची पूजा करता येत नाही. गुरुजी तिला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी मूर्तीला अंघोळ घातली, गंध लावलं आणि नावाड्याला न घेता स्वतः डोंगी वल्हवत जाऊन धारेत सोडली. रजईत गुंडाळून आणलं ते नुसतं पाटावरवंट्याचं ओझं होतं. नवी मूर्ती पुढे महिन्याभराने इंदूरच्या कारागिराकडून आली. पत्र्याच्या शेडमध्ये पडदा लावून गुरुजींनी तिला तेल आणि काजळी चोळली. वीस दिवस रोज चोळली. गावच्या लोकांचं घर गेलं, शेत गेलं, आता देवही गेला हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, असं ते वैजूला म्हणाले होते.

"माझ्या हातातून पडला," वैजू म्हणाली. "तुला सोडून कुणाला माहीत नाही."

मी तिचा हात धरला. शेणाने बरबटलेले आमचे दोघींचे हात. मी रडलेसुद्धा. ते रडणं खोटं नव्हतं.

दिवाळीनंतर निबंधस्पर्धेचं पत्रक आलं. देवासला मंडळांचं संमेलन होतं, तिथे निवडलेले निबंध वाचून दाखवायचे होते. विषय होता, माझ्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग. आमचा रविवारचा मराठीचा वर्ग कानडेबाई घ्यायच्या. खडूने माखलेली बोटं पदराला पुसत त्यांनी फळ्यावर लिहून दिलं: प्रसंग खरा हवा, प्रसंगात तुम्ही हव्यात, शेवटी शिकवण हवी. मी सायकलवरून पडल्याचं लिहून नेलं. त्यांनी अर्धं वाचून वही मिटली. म्हणाल्या की सायकलवरून सगळेच पडतात.

त्या एका वाक्याने मला किती अपमान वाटला हे आता सांगायला लाज वाटते. मी वर्गातली पहिली मुलगी होते. घरी येऊन मी माझं चौदा वर्षांचं आयुष्य चाचपून बघितलं. त्यात काही नव्हतं. आई होती, वडील होते, गरम वरणभात होता. कुणी मेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. आणि माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी बसत होती, जिच्याकडे सगळं होतं.

तो निबंध मी एका बैठकीत लिहिला. मी नकळत लिहिलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मैत्रिणीचं नाव आधी मी 'सुमन' ठेवलं होतं, मग ते खोडून नुसतं 'ती' केलं, कारण वाक्य अधिक गंभीर वाटत होतं. गाव 'नर्मदाकाठचं एक गाव' केलं. काजळीचा तपशील घ्यावा की नाही यावर मी थोडा वेळ थांबले. तो घेतला नाही तर मूर्ती नवी आहे हे कुणाच्या लक्षात येणार नाही, हे मला दिसत होतं. पण तो सगळ्यात चांगला तपशील होता. मी तो घेतला. शेवटी शिकवण लिहिली: देव दगडात नसतो, तो माणसाच्या मनात असतो. तळ्याकाठी मला असलं काहीच वाटलं नव्हतं. ते वाक्य मी हजारदा ऐकलेलं होतं, हाताशी होतं, म्हणून ठेवलं.

कानडेबाईंनी निबंध उभ्या उभ्या वाचला. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा बदलला होता. त्या म्हणाल्या, "नाव घेतलेलं नाहीस ना कुणाचं?"

मी नाही म्हटलं.

"त्यांना विचारलंस?"

मी हो म्हटलं. त्यांना ते पटलं नसावं. पण धारच्या वर्गाला तोवर कधी बक्षीस मिळालं नव्हतं. त्यांनी लाल पेनने शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात 'उत्तम' लिहिलं.

संमेलनाला धारहून एक बस केली होती. गुरुजींना सुरुवातीची प्रार्थना आणि शेवटी मंत्रपुष्पांजली म्हणायची होती, म्हणून तेही होते आणि वैजूही. माझा निबंध निवडला गेला हे कळल्यावर गुरुजींनी मला दोनदा निरोप पाठवला होता, येऊन म्हणून दाखवा, कुठे थांबायचं ते बघू. मी गेले नाही. अभ्यास आहे असं सांगितलं. घरी आरशासमोर एकटीनेच वाचत राहिले. बसमध्ये वैजू माझ्याशेजारी बसली. तिने माझ्या वेणीला अबोली माळली, आणि मी काय लिहिलंय ते विचारलं. मी म्हटलं, तिथेच ऐक.

मी वाचलं. स्वल्पविरामाला थांबले, श्वास घेतला. लोक माझ्यासाठी थांबले. काजळीच्या वाक्याला सभागृहात इतकी शांतता झाली की मला माझ्या बांगडीचा आवाज ऐकू आला, आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते सुख होतं. दुसरं काही नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी पहिल्या रांगेकडे बघितलं. गुरुजी टाळ्या वाजवत होते. सावकाश, नीट, इतरांच्या बरोबरीने. वैजू त्यांच्यामागे बसली होती. तिने आपले हात मांडीखाली घातले होते.

मला पहिलं बक्षीस मिळालं. शेवटी गुरुजींनी मंत्रपुष्पांजली म्हटली. सूर कुठेही हलला नाही.

परतीच्या बसमध्ये वैजू पुढे वडिलांजवळ जाऊन बसली. इंदूर मागे पडलं. मग मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. धारला दत्ताचं असं देऊळ एकच होतं, नर्मदाकाठून आलेले गुरुजी एकच होते. मंडळाचे सेक्रेटरी तात्या, जन्मभर कचेरीत काढलेला सरळ माणूस, उठून गुरुजींजवळ गेले आणि त्या पोरीने वाचलं ते काय आहे असं विचारलं. गुरुजी म्हणाले, "मुलीनं फार छान लिहिलंय."

दत्तजयंती पंधरा दिवसांवर होती. त्या आठवड्यात मंडळाची सभा बसली. गुरुजींना बोलावलं आणि त्यांनी विचारल्याबरोबर सगळं सांगून टाकलं. फक्त मूर्ती वैजूच्या हातातून पडली हे सांगितलं नाही, आपल्या हातून पडली म्हणाले. पण माझा निबंध सगळ्यांनी ऐकला होता. तरीही काहींना खात्री करून घ्यायची होती. रविवारी सकाळी देवळात मूर्ती घासून बघायचं ठरलं.

मी तिथे होते. कुणी मला घरी जा म्हटलं नाही. उलट एकदोन बायकांनी मला पुढे जागा करून दिली, जणू माझाच समारंभ होता. मूर्ती बाहेर ओट्यावर आणून ठेवली. ऊन कोवळं होतं, गार वारा सुटला होता. काथ्या, साबणाचा चुरा, रिठ्याचं पाणी असं सगळं मांडलं होतं. तात्यांचा भाचा बाह्या सरसावून बसला आणि म्हणाला, "बघू तर द्या भिया, आत काय निघतंय." गरम पाणी हवं होतं. गुरुजींचं घर देवळाला लागून, म्हणून कुणीतरी वैजूला सांगितलं. ती आत गेली आणि बादली घेऊन आली. ती बादली ठेवत असताना बायका तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, तिच्या हातांकडे बघत होत्या. एकीने बादली आपल्याकडे ओढून घेतली आणि तिला लांब उभं राहायला सांगितलं.

काळं पाणी ओट्यावरून खाली वाहायला लागलं. त्याला तेलाचा, कापराचा, गुरुवारांचा वास होता. दुसऱ्या बादलीला दत्ताचे खांदे करडे झाले. तिसऱ्या बादलीला छिन्नीचे ताजे दात दिसले. मग भाच्याने मूर्ती फिरवली. पाठीमागे, कमरेच्या खाली, कारागिराने लाल रंगाने घातलेला नंबर होता. सतरा.

कुणीतरी हसलं. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, ते नुसतं सुटलं. पण मग चार-पाचजण हसले.

गेंदाबाई त्या दिवशी आली होती. रविवार असूनही आली होती, वसाहतीत बातमी पोचली होती. ती गर्दीतून पुढे आली. मूर्तीकडे बघितलं, मग गुरुजींकडे. ती ओरडेल, शिव्या देईल असं मला वाटलं. देवाकडे पाठ करून ती पायरीवर बसली आणि पिशवीतले झेंडू एकेक करून कुस्करत राहिली. तिच्या पायांशी पिवळा ढीग झाला. ती पुन्हा कधी आली नाही.

गुरुजी खांबाशी उभे होते. सगळे पांगायला लागले तेव्हा ते पुढे आले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मूर्ती पुसायला लागले. तीनही मुखं, सहाही हात, बोटांच्या मधल्या बेचक्या. तात्या म्हणाले, गुरुजी, राहू द्या आता. गुरुजी म्हणाले, "ओला कसा ठेवायचा? थंडी आहे."

गुरुजींना पूजेवरून काढलं. दत्तजयंतीआधी नवी मूर्ती बसवायचं ठरलं, गाजावाजा करून. या मूर्तीचीही प्राणप्रतिष्ठा झालेली होती, तेव्हा विधिवत विसर्जन करणं भाग होतं, आणि तो विधी येणारा माणूस धारमध्ये एकच होता. मंडळाने त्यांनाच सांगितलं. त्यांनी केला. संझा सोडली होती त्याच तळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. काठावर जमलेल्या लोकांना त्यांनी नेहमीप्रमाणे अहो-जाहो करत, जरा मागं सरका, पाय घसरेल, असं सांगितलं.

पुढे ते पीथमपूरला एका कारखान्यात पॅकिंगला लागले. शाळेत जाताना मला चौकात शिफ्टची बस दिसायची. तिच्या रांगेत निळा शर्ट घातलेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले गुरुजी उभे असायचे. त्यांनी मला बघितलं की हात जोडायचे. मी वाट बदलली.

वैजू माझ्याशेजारच्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर गेली. मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मी तिला चिठ्ठी लिहिली, आणि ती चिठ्ठीसुद्धा मी तीनदा सुधारून लिहिली, चांगली व्हावी म्हणून. तिने वाचून परत दिली. वर्ष संपत आलं होतं, मैदानातल्या कडुनिंबाला मोहोर आला होता, त्याच्या कडसर गोड वासाने डोकं जड व्हायचं. नळावर आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "तुला दुसरा प्रसंग नव्हता का?"

ती हात धूत राहिली. खूप वेळ धूत राहिली. परीक्षेनंतर ती शाळा सोडून गेली.

माझा निबंध मंडळाच्या वार्षिकात छापून आला. पुढे मी कॉलेजच्या अर्जाला तो जोडला. पहिली नोकरी मागताना त्याचा उल्लेख केला. अजून एखादा म्हातारा वाचक भेटतो आणि म्हणतो, ती देव दगडात नसल्याची ओळ माझ्या लक्षात आहे. मी नमस्कार करते.

देवासचा कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना हल्लीच्या सेक्रेटरीबाईंनी सहज विचारलं, तुम्ही धारच्या ना, मग तिकडून इथे आलेल्या गुरुजींना ओळखत असाल. स्टेशनच्या मागे मुलीकडे राहतात. दृष्टी गेलीय, पण अजून कुणी गेलं की मुलांचे उच्चार सुधारून देतात. मुलगी औषधाच्या कारखान्यात आहे, आज तिची सुट्टी असेल. पत्ता त्यांनी पत्रकाच्या मागे लिहून दिला.

दुपारचं ऊन होतं. गल्लीत कुणीतरी मिरच्या भाजत होतं, ठसका लागत होता. मी मनात वाक्यं जुळवत चालले होते. काय म्हणायचं, कुठे थांबायचं. दार वैजूनेच उघडलं. केस पिकायला लागले होते, माझ्यापेक्षा जास्त. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"झाला कार्यक्रम?" तिने विचारलं. तिला माहीत होतं तर.

मी म्हटलं, गुरुजींना भेटायचंय. तिने चौकटीवरचा हात काढला नाही. आतून आवाज आला. तोच आवाज, फक्त आता मध्येच श्वासासाठी अडकणारा.

"कोण आलंय गं?"

"कुणी नाही बाबा. पत्ता विचारतायत."

"मग नीट सांग त्यांना. उन्हाचं आलंय माणूस. पाणी दे आधी."

वैजू आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. मी उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या पाणी प्याले. मग मी बोलले. वीस वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलले, हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही असं. माझी चूक होती, मला कळत होतं, मी कळून केलं. तिने मध्ये तोडलं नाही. माझ्याकडे ती बघत होती, पण राग नव्हता. काउंटरसमोर थांबलेलं माणूस आपला नंबर येईपर्यंत बघतं, तसं बघत होती. माझं संपल्यावर तिने भांड्यासाठी हात पुढे केला.

"एकदा पाया पडू दे त्यांच्या," मी म्हटलं. "बोलणार नाही काही. कोण आहे ते सांगू नकोस."

"नको."

"वैजू, एकदाच."

"आत आलीस तर लिहिशील," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही लिहिणार. शपथ घेऊन सांगते, नाही लिहिणार.

तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. दार सावकाश, आवाज न करता लावून घेतलं. आतून गुरुजी विचारत होते, सापडला का त्यांना पत्ता, आणि वैजू म्हणत होती, हो, गेल्या त्या.

मी वळले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले तोवर पहिलं वाक्य तयार झालं होतं.